मगरीचं तोंड

पूर ओसरल्यावर खालच्या खोलीतलं कपाट उघडलं
तर चाळीस वर्षांचे हजेरीपट
भिजून, फुगून, एकमेकांना बिलगून बसलेले.
दिघेबाई म्हणाल्या, फेकून द्या.
मी म्हटलं, मला द्या,
तिसरी ‘ब’चा हस्तकलेचा तास आहे.

(तिसरी ‘अ’ आता नाहीच.
दांडिया बाजारातल्या मराठी शाळेला
एक ‘ब’ पुरतो.
पण नाव बदलायचं कुणाला सुचलेलं नाही.)

फाडा, म्हटलं.
शाळेतलं काही फाडा म्हणणारी
मी पहिलीच बाई असेन; मुलं नुसती बघत राहिली.
मग धैर्यने एक पान ओढलं.
टर्रकन नाही, ओल्या कागदाला आवाज नसतो.
आणि त्यानंतर कुणी आवरेना.
कुणाचं तरी ब्याण्णव सालचं
हजर हजर गैरहजर गैरहजर गैरहजर
बोटांमध्ये विरत गेलं,
निळी शाई मनगटापर्यंत चढली.

खळ मी घरून शिजवून आणली होती,
आणि भिजवून वाटलेली मेथी, कीड लागू नये म्हणून.
पलाश टबात नाक घालून म्हणाला,
बाई, थेपल्यांचा वास येतोय!
मागून कुणीतरी खरंच जीभ लावली.
कडू छे, बाई, कडू छे!

काय करायचं याचं?
गणपती, एकमुखाने. दहाच दिवस राहिले होते.
गणपती घरी येतातच की, यशोधन म्हणाला,
मगर करू. बाकाएवढी.
विश्वामित्रीच्या गावात
मगर कशी असते हे शिकवावं लागत नाही.

मदतीत आलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या
सुतळीने बांधून पाठ केली,
वर लगदा, थापून, चेपून,
काट्याचमच्याने खवले.
ईशाने मावशीच्या चणियाचे दोन आभले आणले डोळ्यांना.
दात पिस्त्याच्या टरफलांचे,
मोजून बत्तीस, आपल्याला असतात तेवढे,
आणि जबडा असा उघडा
की धैर्यचा डबा आत मावेल.

उर्वी खानविलकर अजून हात कोरडे ठेवून उभी होती.
परशुराम भट्ट्याला राहते.
त्या आठवड्यात भावाचा शर्ट घालून येत होती,
बाह्या तीनदा दुमडून.
ती पुढे आली आणि म्हणाली,
तोंड मिटलेलं होतं.
कुणाचं? 
आमच्या जिन्यावर होती तिचं.

आणि दोन्ही तळव्यांनी तिने
तो जबडा सावकाश मिटवला.

धैर्य ओरडलाच. बत्तीस दात! दोन तास!
मी काही बोलणार होते. काय ते आता आठवत नाही,
बोलले नाही एवढं बरं झालं.
उर्वीने आतून एकेक टरफल काढलं
आणि बाहेरून लावलं, ओठाच्या कडेवर,
एक वर, एक खाली.
असे दिसत होते, म्हणाली,
मिटल्यावर पण दिसतात.
धैर्य जरा वेळ रुसला,
मग टरफलं पुसून तिच्या हातात देऊ लागला.

भाद्रपदात काही वाळत नाही.
चार दिवस पंखा तिच्यावर, आम्ही घामाने निथळत.
सोमवारी शेपूट डावीकडे वळलेली सापडली.
रात्री चालली असणार, पलाश म्हणाला,
आणि रमणकाकांनी, ज्यांनी ती झाडताना ढकलली होती,
हो म्हणून टाकलं.

कुठे ठेवायची, दिघेबाईंनी विचारलं.
भिंतीवर पुराची रेघ अजून होती, माझ्या कमरेइतकी.
मी म्हटलं, कपाटावर. तिथे भिजणार नाही.
नको, उर्वी म्हणाली, खाली ठेवा, दाराजवळ.
पाणी आलं की तिला जाता येईल.

कागदाची आहे गं, असं माझ्या ओठांवर आलं.
मग मी आणि रमणकाका दोघांनी उचलली,
(जड होती, कुणाकुणाच्या गैरहजेऱ्या होत्या तिच्यात)
आणि उंबऱ्याकडे तोंड करून ठेवली.

आता सकाळी वर्गात शिरताना
एकोणीस मुलं तिला ओलांडून येतात.
मीसुद्धा. साडी जरा उचलून.