अडीच फूट

घर क्रमांक एकोणचाळीस, कोलेकल्याण गावठाण.
फितीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं इनास मिस्किटांच्या बोटात.
बाहेरून लांबी एकेचाळीस फूट सहा इंच.
आतल्या खोल्या मोजल्या, भिंतींची जाडी मिळवली,
तरी अडीच फूट हिशेबात येईनात.

‘पुन्हा मोजा,’ इनास म्हणाले,
‘बाप पण बोलायचा, हे घर बाहेरून जास्त मोठं आहे.’

पुन्हा मोजलं. तेवढेच.

जोतं काळ्या पाषाणाचं, टाकीच्या खुणा उलट्या तिरप्या,
पाथरवट डावखुरा असणार.
त्याच्यावर मालाडचा पिवळा दगड, शिळ्या भाकरीच्या रंगाचा,
त्याच्यावर विटा,
सगळ्यांत वर सिमेंटचे ठोकळे आणि डिश अँटेना.
घर वर चढत गेलं
तसतसा हात आखडत गेला.
चुन्यात अजून नख शिरत नाही.
सिमेंट मात्र बोटाला लागून येतं.

ओटी बंद करून खोली केली, म्हणे प्लेगच्या वर्षी;
खोलीत मग पाववाला राहिला, छत अजून काळं.
खिडकीचं दार झालं,
दाराचं कपाट,
कपाटात आता निळ्या बल्बखाली मारियाबाय उभी आहे.
तिच्या पाठीमागे
बिजागऱ्या तशाच, तेल घातलेल्या.

बावन्न साली आलोयस आणि पास्कू, दोघे भाऊ, कोर्टात गेले
आणि घराच्या मधोमध एका विटेची भिंत आली.
गिलावा एकाच बाजूला:
दुसऱ्या भावानं गवंड्याला पैसे दिले नाहीत.
पण आढं कुणाला कापवेना.
सत्तावीस फुटांचं सागवान
भिंतीला भोक पाडून इकडून तिकडे गेलंय,
आणि एका घरात खिळा ठोकला
की दुसऱ्या घरात भुसा पडतो.

शिडी लावून वर गेलो. आढ्यात खाचा,
ज्यांना या घरात काही काम नाही.
भोकं, मनगट जाईल एवढी, आतून दोरानं गुळगुळीत झालेली.
गलबत असेल. किंवा तेलाचा घाणा.
म्हणजे घराच्या आधीचंही काहीतरी
तोडून, तासून,
इथे डोक्यावर घेतलेलं.

खाली ऑफिसचा फोन वाजत होता:
‘मूळ घराचा नकाशा पाठव. मधले बदल नकोत.’
मी विचारलं, कुठल्या सालापर्यंत मागे जाऊ?
‘मूळ म्हणजे मूळ रे.’
मोरीच्या दाराशी फिल्सूबाय पापलेट साफ करत होत्या.
त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सुरीकडे.

स्वयंपाकघराची मागची भिंत.
बोटाच्या पेरानं वाजवत गेलो: ठक्क, ठक्क, ठक्क,
फळीच्या वर, बरणीच्या मागे,
बद्द.

एक वीट काढली. इनासनीच काढली,
माझ्या हातात द्यायच्या आधी पुसली.
आत टॉर्च धरला तर जिना.
सात पायऱ्या दगडाच्या, मधोमध झिजलेल्या.
आठवी स्लॅबमध्ये गेलेली.
तिसरीवर ओळंबा, पितळी, हिरवा पडलेला,
दोरी उंदरांनी नेली असावी.
कुणीतरी आतून शेवटची वीट लावायला घेतली असणार
आणि वेळेवर बाहेर आला,
हत्यार राहिलं.

इनास बराच वेळ त्या भोकाला डोळा लावून.
‘सत्तर वरसं,’ म्हणाले, ‘मी ह्या भिंतीला टेकून जेवतो.’
वरून विमान गेलं. कौलं खुळखुळली.
फिल्सूबायनी विचारलं, वीट परत बसवणार का,
फ्रिज तिथे ठेवायचाय.

नकाशात मी जिना तुटक रेषेनं काढला,
वर जाणारा बाण काढला,
बाणापुढची जागा कोरी ठेवली.

निघताना ओळंब्याला माझ्याकडची सुतळी बांधली
आणि आढ्यावरून सोडला. डुलत राहिला,
मग कंटाळल्यासारखा थांबला.
भिंत दीड इंच बाहेर.
चौकट पाऊण इंच आत.
मारियाबाय तेवढी सरळ,
कारण तिच्या पायाखाली कुणीतरी
विजेच्या बिलाची घडी सरकवली आहे.