चौथी पाळी

गिरणीत पाळ्या तीनच होत्या.
चौथी त्या पाच पोरांनी काढली,
किलिन्स्की रस्त्यामागच्या तळघरात,
दोन गिटारी, उसना अँप्लिफायर,
ड्रमच्या जागी सुताची रिकामी पिंपं.
बँडचं नावही तेच पडलं.

हे सगळं ऐकीव.
मला संगीतातलं काही कळत नाही.
मी बोगुमिल, वुच महापालिकेचा रंगारी,
एकोणीस वर्षं एकच भिंत रंगवत आलो.

त्यांचा गायक सप्टेंबरात गेला.
त्या तारखेला माणसं येतात,
रात्रीच्या बसनं, कुणाच्या तरी ट्रकमधून,
एक जण तर ग्दान्स्कहून सायकलवर,
पुढच्या टोपलीत आजारी मांजर घेऊन,
कारण घरी तिला औषध देणारं कुणी नव्हतं.
रात्रभर लिहितात.
ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मी जातो,
करड्या रंगाचे चार डबे आणि रोलर.

मी डावखुरा. उजवीकडून सुरू करतो.
त्यामुळे त्यांची सगळी गाणी
मला शेवटाकडून पाठ आहेत,
शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

व्येस्वावाबाई दर वर्षी थर्मास घेऊन येतात.
औषधाच्या दुकानात असतात, गुडघे गेलेत.
कोपऱ्यात खाली, नळाजवळ, त्यांच्या भावाचं नाव असतं.
पहिल्या वर्षी म्हणाल्या, एवढं राहू द्या.
मी म्हणालो, तसा हुकूम नाही.
थोडा वेळ गप्प राहिल्या.
मग पातळ लावा, म्हणाल्या.
पातळ लावला.
चहात लिंबू जास्त होतं.

गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते टायरच्या दुकानात.
रेडिओ लागला होता, पोरगं नट पिळत होतं.
आवाज ओळखीचा नव्हता.
अक्षर ओळखलं.
निळ्या खडूचं, गटाराच्या झाकणापासून वर चढत जाणारं:
भोंगा होऊ दे, आई, तू उठू नकोस.

हे मी किती वेळा पुसलं असेल?

माझी आई एकतीस वर्षं सूतकताईत होती.
त्या खात्यातल्या बायका ओठ वाचायच्या,
यंत्रांपुढे कानांचा उपयोग नव्हता.
शेवटी शेवटी घरीसुद्धा
मी तिच्याशी बिनआवाजाचंच बोलायचो.
ती उठायची. भोंग्याच्या आधी उठायची.
मीच कधी म्हटलं नाही, उठू नकोस.

चार नट पिळून झाले. पैसे दिले. निघालो.

मार्चमध्ये थंडीनं भिंतीचा एक पोपडा सुटला,
अंगठ्याएवढा जाड.
कड बघितली: करडा, लाल, करडा, निळा,
करडा, मग कसलासा सोनेरी, मग पुन्हा करडा.
एकोणीस करडे मोजले.
त्याखाली पिवळा, माझ्या आधीच्या माणसाचा,
तो पिऊन यायचा, पण हात सफाईचा होता.
पोपडा खिडकीत ठेवलाय. बायको म्हणते, धूळ खातोय.

यंदा ऑफिसातून पत्र आलं.
भिंत आता वारसा आहे, रंगवू नये.
खाली शिक्का, सही, दुसरी सही.

तरी सोमवारी गेलो. सवय.
हात रिकामे, ते कुठे ठेवावेत कळेना.
डावीकडून वाचत निघालो,
पहिल्यांदाच सुरुवातीपासून.
नळाजवळ भावाचं नाव जाड अक्षरात होतं,
बाई नव्हत्या.

पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा उभा होता,
स्प्रेचा डबा खुळखुळवत, भिंत वरखाली बघत.
गायक मेला तेव्हा याचे आईबाप शाळेत असतील.
मला म्हणाला,
काका, रंगवणारे तुम्हीच ना?
कधी रंगवताय?
जागाच नाहीये कुठे.