चौथं ताट

मेस्सिनाच्या फेरी-धक्क्यामागं, रात्रशाळेत,
आज मी गणिती विगमन शिकवते आहे.
समोर सतरा जण. दोर ओढणारे, तिकिटं फाडणारे,
आणि एक पावभट्टीवाला,
जो पहाटे तीनला उठतो
आणि आत्तापासूनच पेंगतोय.

आधी बघायचं, मी म्हणते, एकासाठी खरं आहे का.
मग धरून चालायचं की एनसाठी खरं आहे,
आणि दाखवायचं की मग एन अधिक एकाची
सुटका नाही.
"बस्स? एवढंच?" प्लाचिदो विचारतो.
एवढंच. सगळे आकडे मोजत कोण बसलंय?
एकाचा हात पुढच्याच्या हातात दिला
की आपण फळा पुसायला मोकळे.

खरं तर हे मला आईनं शिकवलं,
तिंदारानं, जिला सातापुढचे पाढे येत नव्हते.
लेतेरियो मालवाहू जहाजावर गेला
तेव्हा मी अकरा वर्षांची.
वाल्पराइसोहून एक पत्र आलं,
नंतर पत्रही नाही.
त्या रात्री आईनं ताटं मांडली. बाबा म्हणाले, तीन.
आई म्हणाली, चार.

"काल मांडलं होतं ना?
मग आज न मांडायला काय झालं?"
हा तिचा युक्तिवाद.
बाबांना त्यात
जन्मभर एक फट सापडली नाही.

संच सांत असेल, मी फळ्यावर लिहिते,
तर एक काढला की एक कमी होतो.
अनंत असेल तर खुशाल काढा.
उरलेले मूळच्यांसमोर
पुन्हा जोडीजोडीनं उभे राहतात,
एकास एक, कुणी एकटं पडत नाही.
आमचं घर चार माणसांचं.
आई त्याला
दुसऱ्या जातीचं समजत होती.

विद्यापीठातून आले तेव्हा मी फार शहाणी होते.
स्वयंपाकघरात उभी राहून तिला सांगितलं:
आई, प्रत्येक दिवसासाठी सिद्ध झालं
म्हणून 'कायम'साठी सिद्ध होत नाही.
कितीही लांबचा दिवस घे,
मोजत मोजत तिथं पोचता येतं.
'कायम' हा त्या रांगेतला दिवसच नव्हे.
ती तलवारमाशाचे तुकडे करत होती.
म्हणाली, केपर धुवून दे.

मग बाबा गेले.
ताटं चारच.
दोघी जेवायचो. दोन ताटं
खिडकीतून येणारा खारा वारा खात बसायची.

सांत संचाला शेवटचा घटक असतो
(रांगेत लावा, कुणीतरी शेवटी येणारच).
सोपं प्रमेय आहे, विगमनानंच सुटतं,
तीन ओळींत.
तो घटक कुठला, हे मात्र प्रमेय सांगत नाही,
आणि तो येतो तेव्हा
इतर घटकांसारखाच दिसतो.
मंगळवार होता. मसुराचं सूप.
निळ्या काठाचं ताट, टवका उडालेलं.
नंतर मी ते धुतलं, पुसलं,
आणि हातात धरून उभी राहिले.
ते कोरडंच होतं, कुणी जेवलं नव्हतं त्यात,
हे धुऊन झाल्यावर लक्षात आलं.

प्लाचिदोचा हात वर:
"एनपर्यंत जमलं. पण एन अधिक एकाला
करणारं माणूसच उरलं नाही तर?"
पलीकडच्या किनाऱ्याहून आलेली फेरी
भोंगा देते. पाट्यांवरचा खडू थरथरतो.
चांगला प्रश्न आहे, मी म्हणते,
जे शिक्षक उत्तर नसलं की म्हणतात.

तेवढ्यात मागच्या बाकावरून,
डोळे न उघडता, पावभट्टीवाला:
"मी रोज एक पाव जास्त भाजतो.
कुणी विचारलं तर सांगतो, मोजण्यात चुकलो."
किती दिवस?
तो बोटं मोजायला लागतो. दोन्ही हातांची संपतात,
मग पुन्हा अंगठ्यापासून.

घंटा होते. कुणी उठत नाही.