समुद्रसपाटीपासून

फॉर्मात पहिलाच रकाना : गावातील सर्वोच्च ठिकाण, उंची.
ग्रामसेवक म्हणाला, गुरुजी, भूगोल तुमचा, तुम्हीच भरा.
मी लिहितो : कासारसड्याचं टोक, नऊशे बारा मीटर, समुद्रसपाटीपासून.
आणि पेन थांबतं.

समुद्र तसा इथून दिसत नाही.
मार्गशीर्षात हवा धुऊन निघाली की पश्चिमेला
नखाएवढी चमक दिसते, तेवढीच.
फिलिप बारदेस्कर म्हणतो, तोच.
त्याचा खापरपणजोबा तिकडून घाट चढून आला होता,
काखोटीला एक डुकराचं पिल्लू, मागे एक आडनाव.
अजून त्यांच्या घरातला कुणीतरी वर्षातून एकदा
वर जाऊन खात्री करून येतो.

इतिहास (थोडक्यात).
मीठ वर यायचं, तांदूळ खाली जायचा.
चौकी आज सावंतांची, उद्या करवीरची, परवा पुन्हा सावंतांची,
जकात मात्र तीच, आणि बैलही तेच.
घाटात एक दगड आहे,
बैलांनी अंग घासघासून लोण्यासारखा केलेला.
मग डांबर पलीकडच्या घाटात पडलं.
आमच्या इतिहासाचा पूर्णविराम तिथे द्यावा का, ठरत नाही.

मृदा : जांभा. वर वीतभर माती,
तिच्यात वर्षातून पंधरा दिवस निळी फुलं.
खनिजे : होती.
कंपनी एकवीस वर्षं होती.
तेवढ्या काळात गावात पांढरी कोंबडी कुणी पाहिली नाही.
खाणीच्या खड्ड्यात आता पाणी आहे, म्हशी डुंबतात,
ते मी जलस्रोतात धरलं.

प्रमुख व्यवसाय : काजू.
पत्र्याच्या सोळा शेड, आणि भट्टीचा तो कडू धूर.
अख्ख्या गराचा दर वेगळा, पाकळीचा वेगळा.
इंदुबाई गुरव चाळीस वर्षं अख्खाच काढत आली.
परवा रेशनच्या मशीनवर तिनं अंगठा ठेवला सातदा,
मशीन सातदा म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
टरफलाच्या तेलानं रेषा खाल्ल्यात सगळ्या.

मी पोरांना शिकवायचो :
नकाशावरच्या समोच्च रेषा म्हणजे डोंगराचा अंगठा,
दाट असतील तिथे कडा, विरळ तिथे सडा.
पोरं आपापला अंगठा निरखत बसायची.

इंदुबाईची वैजयंता तेव्हा सातवीत होती.
धडा अँडीजमधल्या एका लहानशा गावाचा :
विरळ हवा, लामांच्या पाठीवर मीठ,
बटाट्याच्या नाना जाती, चांदीची रिकामी खाण.
सगळं वाचून झाल्यावर ती उठली.
‘सर, त्येंच्या पुस्तकात आपलं गाव असंल?’
नसावं, म्हटलं.
पण बटाटा तिकडचाच, मिरचीही तिकडचीच,
आणि तुझी आई फोडते तो काजू
त्याच खंडातून, गलबतातून गोव्याला उतरलेला.
ती जरा वेळ फळ्याकडे बघत राहिली.
‘म्हंजे त्येंचं सगळं हिकडं आलं.
आपलं काय गेलं, सर?’

तास संपायला बारा मिनिटं होती.
मी डस्टर आपटला, खडूची धूळ उडाली,
गृहपाठ दिला.

वैजयंता आता चाकणला असते,
गाड्यांच्या वायरी जोडते, दिवाळीला येते.
उत्तराचं तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

रात्री जुना नकाशा पसरला.
नऊशे बारा हा आकडा खाणीच्या आधीचा.
दुसऱ्या दिवशी दस्तगीर मकानदाराचा पोरगा
मोबाइल घेऊन माझ्यासोबत टोकावर आला.
टोक म्हणजे आता सपाट मैदान, क्रिकेटला बरं.
त्यानं तीनदा बघितलं. नऊशे एक, गुरुजी.

फॉर्मवर खाडाखोड चालत नाही.
मी केली.
बारावर काट, वर एक.
शेजारी बारीक अक्षरात :
अकरा मीटर ट्रकने गेले.
मग वाटलं, ग्रामसेवक विचारेल, ही माहिती कोणत्या वर्गात मोडते.
शेवटचा रकाना, माहिती देणाऱ्याची सही किंवा अंगठा,
तो अजून कोराच आहे.
उद्या इंदुबाईकडे जाईन म्हणतो,
शाईचा पॅड घेऊन.