चोपन्न लिटर

मूळ टाकी अडतीसची.
सत्तावन्न सालची डुक्कर फियाट, तिच्या पोटात
आम्ही कॉन्टेसाचं इंजिन बसवलं
तेव्हा टाकीचा विचार कुणी केला नव्हता.
जावई नवा आला, खादाड निघाला,
दुरडी मात्र तीच.
अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात म्हणे.
कराडात म्हणतात, येडी.

लिटरला सात. चढाला पाच.
चिपळूणहून वर येताना कुंभार्लीच्या एका वळणावर
काटा पाव दाखवत होता आणि गाडी गप्प.
तो काटा पहिल्यापासून खोटारडा,
आमच्या जुन्या चेअरमनसारखा हसतमुख.

मी कारखान्यात मळीच्या टाक्यांना
तीस वर्षं काठी लावली.
झाकणावर ओणवा होऊन
किती उरलंय ते वहीत लिहीत आलो,
आणि घरच्या गाडीचं मला कळलं नाही.

ओगलेवाडीच्या अलीकडे बाबालाल शिकलगारचं
पत्र्याचं दुकान.
फ्रिजचा खोका फाडून त्यानं डिकीचं माप घेतलं.
पुठ्ठा आत सरकवला, बाहेर काढला, कोपरा कापला,
पुन्हा सरकवला, शिंप्यानं बाही लावून बघावी तसा.
"नव्वद बसतील," म्हणाला.
"पण मग डिकी नाही, नुसती टाकीच."

नव्वद!
मी मनात गुणाकार केला :
कराड ते पणजी, पणजी ते कराड,
आणि उरलेल्यात पाटणचं एखादं लग्न.

बाबालालनं दोन्ही हातांत हवेतली टाकी धरली, कलती केली.
"नव्वद म्हंजे पासष्ट-सत्तर किलो.
एक धडधाकट माणूस मागं बसवताय,
अन् त्यो बी पातळ.
गाडी डावीकडं वळली की ह्यो उजवीकडं पळणार."
म्हणून आत पडदे घालायचे, भोकं पाडलेले.
"पेट्रोलला जाऊ द्यायचं, पळू द्यायचं न्हाई."

जुनी टाकी कोपऱ्यात होती,
झाळायच्या आधी पाण्यानं काठोकाठ भरलेली.
कशाला? मी विचारलं.
"भरलेली गप बसती, सायेब. रिकामीच भडकती.
वाफ ऱ्हाती न्हवं आत."
मला डिस्टिलरीतला आमचा यशवंता आठवला,
रिकामी टाकी काडी ओढून बघणारा.
भुवया परत उगवल्या त्याच्या, जरा विरळ.

पुठ्ठा घरी आणला. डिकीत ठेवून विजयमालाला दाखवला.
तिनं पदर खोचून, वाकून पाहिलं.
"त्या रात्री थर्मास कुठं होता?"

इथंच. आत्ता पुठ्ठा होता तिथं.
दुधाची गाडी येईपर्यंत तीन तास
आम्ही डिकीच्या काठावर बसलो होतो,
एका झाकणातून दोघं चहा पीत.
तिनं तेव्हा ब्याऐंशी सालातली एक गोष्ट सांगितली,
जी नवरा असून मला ठाऊक नव्हती.
ती इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबालालला म्हटलं, बासष्टची कर,
आणि उजव्या अंगाला एक खाच ठेव.
"कशापायी?"
थर्माससाठी. आणि एक पिशवी.
तो हसला नाही. पुठ्ठा उलटा करून
पेन्सिलीनं खाच काढली, अंगठ्यानं पुसली,
थोडी आणखी मोठी काढली.
"आठ लिटर जात्यात ह्यात."
जाऊ देत.

काट्याची वायर मी जोडून घेतलीच नाही.
वेळूची काठी तासली, पाच-पाच लिटरवर खुणा पाडल्या.
पंपावरचं पोरगं "फुल्ल?" विचारतं
आणि म्हातारा डिकीत डोकं घालून काय करतोय
ते मान तिरकी करून बघत राहतं.

परवा कुंभार्लीत, त्याच वळणावर
गाडी कडेला घेतली. बंद केली.
काठी लावली : एक्केचाळीस.
"पुरे तेवढं," विजयमाला म्हणाली
आणि खाचेतून थर्मास उचलला.