चॅनल नऊ

लेलोने जाताना टेबल पुसलं,
कप धुऊन उपडा ठेवला
आणि टेस्टरच्या दाराला कागद चिकटवला:
चॅनल नऊ. बंद करू नका. अजून चालतोय.

तार्तूत तेव्हा मार्च होता.
नदीवर खाली बर्फ, वर पाणी,
बुटांत दोन्ही.

पीट म्हणजे काय ते तिनेच मला दाखवलं होतं:
दलदलीतलं शेवाळ, कुजायचं राहून गेलेलं,
हजारो वर्षं पाण्याखाली दबून
भिजलेल्या तंबाखूसारखं झालेलं.
तिचा बाप काल्यू जन्मभर ते खरवडत आला
बंबांसाठी, टोमॅटोच्या कुंड्यांसाठी.
तिने त्याच्याच पोत्यातून किलोभर मागून आणलं,
आम्लात धुतलं,
बंद भट्टीत चौदाशे अंशांवर भाजलं.
हाती आली मूठभर काजळी,
जिच्या भेगांत सोडियम शिरतो,
बसतो,
बोलावलं की परत येतो.

काल्यूने ती बोटावर घेऊन पाहिली.
म्हणाला, एवढ्यासाठी डॉक्टर व्हावं लागतं?
मग बराच वेळ त्याने बोट पुसलं नाही.

हा दोनशे सतरावा सेल.
आधीचे दोनशे सोळा मेले.
कोणी पहिल्याच चार्जला, कोणी महिन्याने,
आणि एकशे चाळीस ते एकशे बावन्न
माझ्यामुळे: ग्लव्हबॉक्सचं आतलं दार
मी जेवायला जाताना नीट लावलं नव्हतं.
तिच्या वहीत त्या तेरांपुढे एकच शब्द आहे:
ओलावा.
माझं नाव कुठेच नाही.

तिची मुदत आधी दोन वर्षांची,
मग अकरा महिन्यांची,
मग तीन.
अर्जात पुढच्या पाच वर्षांचं लिहायचं,
भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला.
शेवटच्या अर्जाचं उत्तर फार सभ्य होतं.
ती ते दोनदा वाचून म्हणाली,
यातला स्वल्पविराम चुकलाय.

आता ती व्होरूच्या शाळेत आठवीला शिकवते.
दर शुक्रवारी मी तिला एक आकडा पाठवतो,
वर नाव नाही, खाली सही नाही.
८४.१
८३.६
नाताळच्या आठवड्यात वीज गेली,
तेव्हा दोन आकडे एकदम.

आमच्यात रीत अशी की
क्षमता ऐंशीच्या खाली गेली
की सेल संपला म्हणायचं,
काढायचा, उघडायचा, आत काय झालं ते पाहायचं.

आज ७९.९.

मी पाठवला. हात जरा थांबला, पण पाठवला.
तिचा वर्ग चालू असणार. तरी लगेच उत्तर आलं:
आता कुठे काहीतरी कळायला लागेल.

माझी मुदत जूनपर्यंत आहे.
टेस्टरचा पंखा घरघरतोय,
दाराच्या काचेला त्याची ऊब.
कागदाचा एक कोपरा सुटला होता,
तो मी अंगठ्याने दाबून बसवला.