हजेरी

आम्ही तिला बाबा म्हणायचो.
आमच्या लोकांत आजीला बाबाच म्हणतात.
गावासाठी ती मिसेस ह्रित्साक :
सस्कॅचवानच्या सपाट गव्हाच्या मुलखात
एका खोलीची शाळा, मधोमध कोळशाची शेगडी,
आणि शेगडीभोवती वाळत घातलेले
अठ्ठावीस जोड ओले हातमोजे.

निवृत्तीनंतरही आमची पत्रं ती परत पाठवायची
लाल पेन्सिलीनं तपासून.
पाकिटात पाच डॉलरची नोट असायचीच,
पण आधी स्पेलिंग.
लग्नं तिनं जुळवली नाहीत, मोडली मात्र दोन,
आणि दोन्ही वेळा तिचंच खरं निघालं, असं आई म्हणते.
मावशीचं म्हणणं वेगळं आहे.

शवपेटीपाशी सगळे बोलले,
तिच्या खसखशीच्या पावाबद्दलसुद्धा.
ओरेस्त बोलला नाही.
मागच्या बाकावर बसून होता, टोपी गुडघ्यावर.
नंतर चर्चच्या तळघरात, कॉफी निवत असताना,
मला एकटीला त्यानं सांगितलं :

एकोणपन्नास सालचा सप्टेंबर.
तो आठ वर्षांचा, अंगात बापाचा कोट कापून शिवलेला,
तोंडात एकच भाषा, घरची.
त्याच्या घरची. तिच्याही.
वरून हुकूम होता, आवारात फक्त इंग्रजी.
हजेरीपटात तिनं त्याला अर्नेस्ट केलं.
त्यानं पाणी मागितलं घरच्या शब्दात
आणि तिला ते कळलं.
कळलं म्हणूनच कोपऱ्यात उभा केला,
तोंड भिंतीकडे, घंटा होईपर्यंत.

शेवटच्या तीन वर्षांत
इंग्रजी तिच्यातून सुटत गेली,
मार्चमध्ये छपरावरचा बर्फ सुटतो तशी,
एकेक लादी, धप्पकन.
आधी आमची नावं, मग पाढे, मग थँक यू.
उरली ती भाषा
जी तिनं आम्हाला शिकवलीच नव्हती.
तेवीस नातवंडं आम्ही, तिच्या खाटेभोवती मुकी.

दर गुरुवारी ओरेस्त यायचा,
उणे तीसमध्येही, स्वतः ट्रक चालवत.
तिला पाणी हवंय हे त्यालाच समजायचं.
ग्लास तोच धरायचा, हनुवटीखाली रुमाल लावून.

एकदा मी दारात होते.
ती ताठ बसली. बोट हवेतल्या कागदावरून
खाली उतरत गेलं, थांबलं,
आणि वर्गातल्या आवाजात तिनं हाक दिली :
ओरेस्त.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस
खुर्चीचा हात धरून उभा राहिला.
"तुत," म्हणाला.
इथे आहे.

तिनं हवेत खूण केली.
पुढचं नाव घेतलं. त्यानं मान हलवली, नाही.
त्याच्या पुढचं. नाही.
खिडकीबाहेर अंधार होईपर्यंत
ती नावं घेत राहिली
आणि तो उभा.

माफी मागितली का तिनं कधी?
मागितली असली तरी ती भाषा मला येत नाही.
विचारलं, तर ओरेस्त टोपी फिरवत राहिला हातात.
म्हणाला,
तुझ्या बाबाचं अक्षर फार सुरेख होतं.